रंग काढणारे मामा

मामा रंग लावत नसत, फक्त काढत. हे कुणाला सांगितलं की समोरचा हमखास म्हणतो, "पण काढून झाल्यावर लावत असतीलच की." नाही. काढून झालं की पिशवी सायकलला अडकवून मामा भिंगारला निघून जात. तुमचं दार म्हणा, खिडकी म्हणा, उघडंनागडं उभं. पुढचं तुमचं तुम्ही बघा.

"लावनारे गावात छप्पन हायेत," ते म्हणत. "काढनारा दाखवा की एखादा."

गेल्या उन्हाळ्यात मामा गेल्याचं कळलं, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. आता मी चौऱ्याहत्तर वर्षांची. मामांची नि माझी गाठ पडली तेव्हा मी ऐन तारुण्यात होते, म्हणजे अठ्ठावन्न वर्षांची. हसू नका. अठ्ठावन्नाव्या वर्षी मास्तरणीला शाळेतून निवृत्त करतात, आणि त्याच वर्षी तिला वाटायला लागतं की आता घरच्यांना शिकवावं. मला तर आपल्याला सगळं कळतं असं एकतिसाव्या वर्षीच वाटत होतं. खरी भानगड त्या एकतिसाव्या वर्षाची आहे, म्हणून आधी ती कबूल करून टाकते.

एकतिसाव्या वर्षी मी सासूचं कपाट रंगवलं.

सासूला आमच्याकडे आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंचं माहेर तिसगावचं. त्यांच्या लग्नात वडिलांनी सागवानी कपाट दिलं होतं. लाकूड नगरहून बैलगाडीत घालून तिसगावला नेलं, तिथल्या सुताराने कपाट केलं, आणि तेच कपाट बैलगाडीत बसून नवरीच्या मागोमाग परत नगरकडे आलं. दोन दारं, आत तीन खण, आणि वर बाजरीच्या कणसांची कोरीव पट्टी. पॉलिश जुनं होऊन गर्द तपकिरी झालेलं. मला ते मेलं काळंकुट्ट वाटायचं. शेजारणीकडे नवंकोरं लोखंडी कपाट आलं होतं, पिस्ता रंगाचं. झालं. आत्याबाई चार दिवस माहेरी गेल्या, तेवढ्यात मी ऑइलपेंटचा डबा आणि दोन इंची ब्रश घेऊन आले. घासायचं असतं, खरवडायचं असतं, यातलं मला काही ठाऊक नव्हतं. थेट पॉलिशवर फासला. उजव्या दारावर एक डास चिकटला, त्यालाही पिस्ता केला.

आत्याबाई आल्या. कपाटासमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बरं दिसतंय." आणि पाय धुवायला गेल्या.

मी इतकी शहाणी, की मला ती शाबासकी वाटली! पुढे दिराच्या लग्नाला मी त्यावर आकाशी मारला आणि त्याच्यावर काही वर्षांनी पुन्हा पिस्ता, कारण अर्धा डबा उरला होता.

आता मामांकडे यायला हरकत नाही.

मामा उंच होते, पण उंची अर्धी वाकून गेलेली. उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली. दोन्ही हातांचे अंगठे चपटे आणि डिंक लावल्यासारखे चकचकीत. कुणाच्याही घरी गेले की आधी बसत नसत. चौकटीपाशी थांबायचे आणि अंगठ्याच्या नखाने कोपऱ्यातला रंग उकरून बघायचे. पुतण्यासाठी मुलगी बघायला म्हणून चार माणसांबरोबर त्यांना नेलं होतं, तर पोहे येईपर्यंत मामांनी खिडकीचा हातभर गज मोकळा केला. स्थळ गेलं. ही हकिगत मला मामींनी सांगितली. मामा तिथेच बसले होते. ते म्हणाले, "स्थळ गेलं, पन आत लोखंड लई चांगलं निगालं."

त्यांच्या घरी मी गेले ती आत्याबाईंपायी.

आत्याबाई तेव्हा त्र्याऐंशीच्या होत्या आणि त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. पहिल्यांदा नावं गेली, मग माणसं. मी शेवटपर्यंत "ती उंच बाई" होते, ते ठीक. पण मधेच त्यांच्या डोक्यात बसलं की आपण दवाखान्यात आहोत. सकाळी उठायच्या, दोन लुगडी, फणी आणि जपमाळ गाठोड्यात बांधायच्या, आणि गाठोडं मांडीवर घेऊन पुढच्या दाराच्या पायरीवर बसायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायच्या, "मला घरी कवा सोडनार?" दूधवाल्याला विचारायच्या. मीटर बघायला आलेल्या माणसाला विचारायच्या. आमचे हे गुडघ्यावर बसून सांगायचे, "आई, हे घरच आहे. केडगावचं आपलं घर." त्यावर त्या यांच्या गालावरून हात फिरवून म्हणायच्या, "तू गुनाचा हाईस रं. पन मला घरी जाऊ दे."

एकदा यांनी कंटाळून विचारलं, "हा दवाखाना आहे असं कशावरून म्हणतेस?"

आत्याबाईंनी खोलीकडे बोट केलं. "त्ये काय. दवाखान्याचं कपाट."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी छताकडे बघायला लागले. पिस्ता! सगळ्या सरकारी दवाखान्यांतून औषधांची कपाटं असतात तो रंग. बाईला तिच्याच कपाटाने परक्या घरात नेऊन बसवलं होतं, आणि तिथून सोडवायचं कुणी, तर ज्या बयेने ब्रश मारला तिने.

रंगाच्या दुकानात गेले. दुकानदाराने रंग विरघळवायच्या औषधाचा डबा दाखवला, मग गरम हवेचं यंत्र दाखवलं. शेवटी म्हणाला, "भिंगारला एक मामा आहेत, हाताने खरवडतात. पण बाई, ते जरा हे आहेत." आणि कपाळापाशी बोट फिरवलं. मला तसलीच माणसं आवडतात. गेले.

दार मामींनी उघडलं. दाराला रंगाचा टिपूस नव्हता. खिडक्यांना नाही, कडीला नाही, आतल्या लोखंडी खाटेलाही नाही. सगळं घर अंघोळ करून उभं असल्यासारखं.

"काढायचं हाय का लावायचं?" मामींनी विचारलं. "लावायचं असंल तर हितं थांबूच नका."

"काढायचं आहे."

"मंग या. आमचं घर बघून घ्या, सगळं नागडं करून ठिवलंय. मी तेवढी राहिले."

"तुला कुनी रंग लावलाय?" आतून आवाज आला. ते मामा.

मी कपाटाचं सांगितलं. कुणी रंगवलं ते सांगितलं नाही. "कुणीतरी रंगवलंय," असं म्हणाले. मराठीच्या बाईला हे वाक्य कसं फिरवायचं ते बरोबर कळतं.

मामा दुसऱ्या दिवशी सायकलवर आले. पायरीवर आत्याबाई गाठोडं घेऊन बसलेल्या. मामांची खाकी पिशवी आणि कानावरची पेन्सिल बघून त्या धडपडत उठल्या. "डाक्टर, मला कवा सोडता?"

आता मामांची ख्याती अशी, की काम कधी होईल हे ते कुणाला सांगत नसत. मी आदल्या दिवशी तीनदा विचारलं होतं आणि तीनदा उत्तर मिळालं होतं, "रंग सोडंल तवा." पण त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं, गाठोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे बघून विचारलं, "ह्यांचंच का कपाट?" मी मान हलवली.

"आठ दिस, आजी," मामा म्हणाले. "आठ दिसांनी घरी."

कपाट चार माणसांकडून मागच्या अंगणात पत्र्याच्या सावलीत ठेवून घेतलं. जुन्या ऑइलपेंटात शिसं असतं, त्याची धूळ म्हाताऱ्या माणसाच्या छातीत जायला नको, असं मामांनी बजावलं होतं. त्यांनी स्वतःच्या नाकाला ओलं फडकं बांधलं आणि मलाही बांधायला लावलं. हे मला बघून म्हणाले, "दरोडा कुठे घालायचाय?" पडलेला रंग झाडूने लोटायचा नाही, ओल्या फडक्याने टिपून घ्यायचा, हाही मामांचाच हुकूम. इकडे खोलीतली रिकामी जागा बघून आत्याबाई खूश. "कपाट नेलं वाटतं दुसऱ्या वार्डात. माझा नंबर आला."

मामांची पिशवी म्हणजे जुन्या पँटचा एक पाय, खालून शिवलेला. तो त्यांनी वर्तमानपत्रावर उलटा केला. धोतराच्या चिंध्यांत गुंडाळलेली अकरा पाती.

"अकरा?" मी म्हणाले. "एक रुंद घ्या की मोठंसं. पटकन होईल."

"बाई, शाळेत सगळ्या पोरांना तुमी एकच छडी वापरत हुता का?"

"एकच." खरं तेच सांगितलं.

"मंग तुमाला न्हाई कळायचं."

पण मग सांगितलंच. मामांना सांगायला आवडायचं, फक्त आधी समोरच्याचा अपमान करून घ्यायचे. एक पत्री उचलून त्यांनी बोटांनी वाकवली. "ही लवती. ही भेगांत लांबी, म्हंजी पुट्टी, भरायची. लोक हिनंच रंग काढाया बसत्यात आन मंग हात दुखला म्हनत्यात. काढायला ताठ पायजे." रुंद पातं कुठे चालतं, तर सपाट दारावर आणि तेही रंग पोपडे धरून सुटत असेल तर. चिवट रंगाला दोन बोटं रुंदीचंच घ्यायचं, म्हणजे सगळा जोर एका जागी बसतो. खणाच्या कोपऱ्यांसाठी तिकोनी. बाजरीच्या कणसांसाठी एका जाड चमच्याची कड घासून केलेलं अर्धगोल. आणि प्रत्येक पात्याचे दोन्ही कोपरे कानशीने गोल केलेले. "कोपरा टोकदार ठिवला की पातं लाकूड चावतंय."

अकरावं पातं निराळं होतं. मूठ नाही, काही नाही. तुटक्या करवतीचा पत्त्याच्या पानाएवढा तुकडा. तो त्यांनी मला हात लावू न देता परत गुंडाळला. "ह्ये रंग गेल्यावर. खालच्या पॉलिशला."

पहिले दोन दिवस मी स्टूल टाकून बघत बसले. मामा पातं स्वतःकडे ओढत, लाकडाच्या रेघेच्या दिशेने. पंधरा-वीस हात मारले की थांबून कानस फिरवत. पात्याखालून रंगाचं लांब कातरण निघालं तर गुणगुणत, भुगा निघायला लागला तर लगेच थांबत. "भुगा आला म्हंजी पातं मेलं. मेलेल्या पात्यावर जोर काढून काय उपेग?" मी म्हटलं, "औषध लावलं असतं तर एका दिवसात झालं असतं." मामा म्हणाले, "जुलाब दिल्यावर पोट बी लवकर साफ हुतंय."

दाराच्या कडेला त्यांनी तिरका छेद घेतला आणि चष्मा कपाळावर ढकलून थर वाचायला लागले. "वरचा पिस्ता. त्याच्या खाली आकाशी. त्यो घाईत मारलाय, केस हायेत ब्रशाचे. कुनाच्या लग्नात?"

"दिराच्या," मी म्हणाले.

"आन् खालचा पुन्ना पिस्ता. हा पयला. हा मारनाऱ्यानं जलमात ब्रश धरला नव्हता." नखाने काहीतरी टोकरलं. "ह्यो बघा, डास."

मी घाईने आत गेले. उसळीला फोडणी द्यायची होती. नव्हती द्यायची, पण गेले.

मामा स्वतः मोठे रंगारी होते, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. भाकरी खाताना सांगितलं. एका सरकारी वर्कशॉपात बत्तीस वर्षं पेंटर. "सायेब बघाया येनार म्हनलं की रंग. गंजावर रंग, रंगावर रंग, धुळीवर रंग. खरवडायला टाइम मागितला की म्हनायचे, वरून चांगलं दिसतंय ना, मार. एकदा पाइपावर पाल बसल्याली. दोन दिसांनी सायेबानं इचारलं, पाइपाला हा उंचवटा कसला." मी हसले. मामा हसले नाहीत. "बत्तीस वर्सं मी झाकाझाकी केली, बाई. रिटायर झालो त्या दिवशी ब्रश थितंच ठिवला. आता मरंस्तवर काढनार. जेवढं लावलंय तेवढं काय फिटायचं न्हाई. पन काढनार."

त्या वेळी मी सांगायला हवं होतं, की मामा, हे कपाट मी रंगवलंय. जिभेवर आलं होतं. पण मी निवृत्त मुख्याध्यापिका. चुकीची कबुली घ्यायची सवय, द्यायची नाही.

रोज सकाळी पायरीवर आत्याबाई अडवायच्या आणि मामा थांबून हिशेब द्यायचे. "सात, आजी." "सहा, आजी." आमच्या घरात त्या काळी आत्याबाईंशी खोटं बोलण्याची शर्यतच लागलेली. उद्या सोडतील, डॉक्टर गावाला गेलेत, आज रविवार आहे. मामा तेवढे खरा आकडा सांगायचे. ज्या दिवशी पाच सांगितलं, त्या दिवसापर्यंत रंग जवळजवळ उतरला होता आणि खालचं पॉलिश उघडं पडलं होतं. जुनं, काळपट, चिवट. संध्याकाळी मामांनी अकरावं पातं काढलं. कड कानशीने सपाट केली, मग जुन्या स्क्रूड्रायव्हरची दांडी त्यावरून दाबून फिरवली. कितीतरी वेळ. "आता बघा," म्हणून माझं बोट कडेवरून हलकेच नेलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण बोटाला लागत होतं. केसाएवढी वळलेली धार. मामा त्याला नख म्हणायचे. दोन्ही अंगठ्यांनी पातं किंचित वाकवून त्यांनी ते दारावरून ओढलं आणि पॉलिशचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा निघाला. पातं इतकं तापायचं, की त्यांचे अंगठे तसे का आहेत ते मला समजलं.

मी म्हटलं, मला द्या. त्यांनी दिलं नाही. मी बाईंच्या आवाजात म्हटलं, द्या म्हणते ना. त्यांनी दिलं. माझ्या पहिल्याच ओढीत पातं तिरकं झालं आणि डाव्या दाराच्या मधोमध बोटभर लांब, खोल चरा पडला.

"ही तुमची सही," मामा म्हणाले आणि पातं काढून घेतलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे माझ्याकडून दूध लागलं. मोठं पातेलं, तळाशी जाड खरवड. आता खरवड म्हणजे माझा जीव की प्राण. साखर घालून खावी आणि मरावं. उलथन्याने निघेना. पातेलं घेऊन मागच्या अंगणात आले, तर वर्तमानपत्रावर चिंधीत गुंडाळलेलं ते पातं. मामा सामान इथेच ठेवून जायचे. मनात म्हटलं, एवढी केसासारखी साल काढतं, खरवड काय चीज आहे.

खरवड अशी निघाली म्हणता! तळाची कल्हईसुद्धा निघाली असावी. आम्ही दोघांनी वाटीत घेऊन खाल्ली. मग मी पातं तारेच्या घासणीने लख्ख घासलं, धुतलं, आणि पुन्हा चिंधीत गुंडाळून ठेवलं. किती स्वच्छ, किती व्यवस्थित!

मामा आले. पायरीवर म्हणाले, "चार, आजी." अंगणात बसले. पातं लावलं, ओढलं, थांबले. कड अंगठ्यावरून नेली. मग नाकाशी धरली.

"बाई, हे पातं दूध प्यालंय."

माझा चेहरा बहुधा पातेल्यासारखा झाला असावा. मामा ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते ओरडले नाहीत. कानस घेतली, पात्याची कड पुन्हा शून्यापासून सपाट करायला बसले. पाण्याने बारीक गंज धरला होता, घासणीने कड ठिकठिकाणी तुटली होती. नख धरेना. कड सपाट करायची, दांडी फिरवायची, बघायचं, पुन्हा सपाट करायची. अख्खा दिवस गेला. कपाटाला हातसुद्धा लागला नाही. निघताना एवढंच म्हणाले, "उद्या आजींना काय सांगू?"

"तीन सांगा," मी म्हणाले. "त्यांच्या काय लक्षात राहतंय?"

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात कॉपी करणाऱ्याकडे बघायची.

दुसऱ्या दिवशी पायरीवर ते उभे राहिले. "आज बी चारच, आजी."

ज्या बाईला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नसे, पोटच्या मुलाचं नाव आठवत नसे, ती कडाडली, "काल बी चारच म्हनला हुतास!"

"व्हय. एक दिस वाया गेला. चूक झाली."

"कुनाची?"

मी दारामागे उभी होते. मामांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हत्याराची," म्हणाले आणि आत आले.

नंतरचे चार दिवस मामा दुपारचे आडवे झाले नाहीत. खांदा दुखायचा ते दिसत होतं. मधेच पातं डाव्या हातात घ्यायचे. पातं इतकं तापायचं की ओल्या फडक्यात अंगठे बुडवायचे आणि पुन्हा धरायचे. मी फडकं भिजवून द्यायची, कातरण टिपायची, कानस हातात द्यायची, आणि आयुष्यात प्रथमच तोंड बंद ठेवायची. कणसांच्या पट्टीला पूर्ण एक दिवस गेला. चमच्याच्या पात्याने एकेक दाणा मोकळा केला. शेवटच्या दिवशी सागवान उघडं झालं. मधाच्या रंगाचं, उभ्या रेघांचं. मी इतकी वर्षं त्या कपाटाशी संसार केला होता आणि ते मला पहिल्यांदा दिसत होतं.

नुसतं कोरडं लाकूड ठेवू नये, जवसाचं तेल चोळावं, हेही मामांनीच सांगितलं. पण चोळायला तयार नाहीत. "तेल का असंना, लावनंच की त्ये." मी चोळत होते तेवढा वेळ ते पाठ करून अंगणातल्या कडुलिंबाकडे बघत बसले.

तेल मुरायला दोन दिवस लागणार होते. मामांनी आजींना दिलेला दिवस मात्र आजचाच होता. मग फडक्यावर फडकं घासून सगळं कोरडं पुसून काढलं आणि चार माणसांनी कपाट जागेवर नेऊन ठेवलं. हे आत्याबाईंना हाताला धरून खोलीत घेऊन आले. गाठोडं त्यांच्या काखेत. मामा पिशवी घेऊन दारापाशी, जायच्या तयारीत, पण जाईनात.

आत्याबाई उंबऱ्यात थांबल्या. कपाटाकडे बघत राहिल्या. डोळ्यांना कितपत दिसत होतं देव जाणे. पुढे झाल्या, दारावर तळहात ठेवला. हात वर सरकत कणसांपर्यंत गेला, एकेका दाण्यावरून फिरला. मग त्यांनी डावं दार उघडलं, मधल्या खणात गाठोडं ठेवलं, सोडलं, आणि दोन लुगडी घडी मोडू न देता एकावर एक रचली. फणी वरच्या खणात. जपमाळ खिळ्याला. कुठे काय ठेवायचं हे विचारावं लागलं नाही.

"किती दिस घर बंद हुतं," त्या म्हणाल्या. "कुनी झाडलं बी न्हाई."

यांनी तोंड फिरवलं. मी पदराने नाक पुसलं. त्यानंतर दीड वर्ष आत्याबाई होत्या. पुष्कळ काही विसरल्या, पण गाठोडं पुन्हा बांधलं नाही.

आम्ही सगळे असे हळवे होऊन उभे असताना आत्याबाईंची नजर बिजागरीकडे गेली. तिथे फटीत कुठलंच पातं पोचत नव्हतं. सुतळीएवढी पिस्त्याची रेघ राहिली होती.

"ह्ये काय हिरवं?" त्यांनी नख लावलं. मग सावकाश आमच्याकडे वळल्या. आवाज एकदम माझ्या लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातला. "माझं कपाट कुनी रंगिवलं हुतं?"

सत्तावीस वर्षांनी प्रश्न आला होता. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, सांगणारच होते. अर्धं अक्षर बाहेरही आलं.

"मी, आजी," दारातून मामा म्हणाले.

"तू?"

"व्हय. मीच."

"डोळं फुटलं हुतं का रं तुजं? माज्या बापानं दिल्यालं सागवान! त्याला हिरवं फासलंस? हात कसा धजला? इचारायचं तरी मला! मी काय मेले हुते?" आणि मग तिसगावच्या बाजारातही चार माणसांत बोलता येणार नाही असं बरंच काही. सत्तावीस वर्षं "बरं दिसतंय"च्या खाली दाबून ठेवलेलं सगळं त्या बोलल्या. मामा पिशवी छातीशी धरून, मान खाली घालून ऐकत होते. मधे एकदा म्हणाले, "चुकलं, आजी." ते नुसतं माझ्यासाठी म्हणाले असं मला वाटलं नाही.

मी पुढे झाले. "आत्याबाई, अहो त्यांनी नाही, मी..."

"तू मदी बोलू नगंस," आत्याबाई म्हणाल्या. "तू भली बाई हाईस. तुला न्हाई ठाव असली मानसं. आन् ह्याला च्या देऊ नगंस. असाच जाऊ दे."

मी स्वयंपाकघरात गेले. चांगलं आलं घालून, दाट दुधाचा चहा केला. मागच्या दाराने अंगणात नेला. मामा सायकलला पिशवी बांधत होते.

"घ्या, मामा. त्यांना दिसत नाही इथलं."

मामांनी कपाकडे पाहिलं. तल्लफ आली होती, तोंडावर दिसत होतं. मग मान हलवली.

"नको, बाई. आजी न्हाई म्हनल्यात."

फाटक लावून घेतलं आणि गेले. सायकल भिंगारच्या रस्त्याला लागेपर्यंत मी कप हातात घेऊन उभी राहिले. मग तो चहा मीच प्यायले. बशीत ओतून, सगळाच्या सगळा.